परसबागेचे ऋतुचक्र आणि मुलांचे मन

वसतिगृहात नव्याने दाखल झालेले मूल पहिले पंधरा दिवस फारसे बोलत नाही. बाहेर मृगाचा पाऊस असतो आणि घर मुरबाडच्या एखाद्या दूरच्या वाडीवर. त्याला समजावताना आमचे शब्द अपुरे पडत. मात्र हाती खुरपे देऊन एक छोटा वाफा ‘हा तुझा’ म्हणून नेमून दिला, की तेच मूल निदान प्रश्न तरी विचारू लागते. परसबागेच्या अभ्यासाकडे आम्ही वळलो ते या अनुभवातून.

पावसाळ्यात तर पुष्कळदा मूलच शिक्षक होते. शेवळे काकडांच्या रसाशिवाय शिजवले तर घसा खाजतो, टाकळा कोवळा असतानाच खुडावा, कुर्डूचे पान कोणते, हे ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या मुलांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा बांधावर आम्हांला चुकीची भाजी खुडू देत नाही!

पहिल्या वर्षी आम्ही सपाट वाफ्यांत वांगी व मिरचीची रोपे लावली. जुलैच्या संततधारेत पाणी साचून सारी रोपे कुजली. दोष आमचा होता, पण मुलांनी तो स्वतःकडे घेतला. एक मुलगी तर कित्येक दिवस बागेकडे फिरकली नाही. पुढे उंच गादीवाफे केले, भोवती चर खणले, आणि कारली, पडवळ, शिराळी मांडवावर चढवली. तिचा पडवळाचा वेल मांडवाला पोहोचला, त्या दिवशी तिने आम्हांला हात धरून नेले.

खरा कसोटीचा काळ दिवाळीनंतर येतो. भातकापणी आटोपते आणि अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्या महिन्यांत मुलाला भेटायला कोणी येत नाही. नेमका तोच बागेच्या भराचा हंगाम. उरलेल्या ओलीवर वाल रुजतो. मुळा, मेथी, कोथिंबीर रोज काहीतरी मागतात. आईची आठवण त्यामुळे पुसली जात नाही, जाऊही नये. पण सकाळी उठण्याला एक कारण राहते, आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही जाणीव मुलाला सावरते.

नेदरलँड्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 30 बागकाम करणाऱ्यांना आधी ताण येईल असे काम दिले गेले. नंतर अर्धा तास काहींनी बागेत काम केले, तर काहींनी खोलीत बसून वाचन केले. ताणाशी निगडित कॉर्टिसोल या संप्रेरकाचे लाळेतील प्रमाण दोन्ही गटांत उतरले, परंतु बागेतल्यांमध्ये अधिक. त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. एवढ्या लहान प्रयोगावर मोठी इमारत उभारणे आम्हांला मान्य नाही. जेवण आणि झोप दोन्ही तुटलेल्या मुलाला वाफा नव्हे, आधी डॉक्टर हवा.

उन्हाळ्यात पाणी आटते. तेव्हा हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी केळी आणि अळूकडे वळवतो. बाकीचे वाफे रिते राहतात. काहीच न उगवण्याचे हे दिवस मुलांना सुरुवातीस खुपतात. मग वालाचे बी उन्हात वाळवून, राखेत घोळून मडक्यात भरायचे काम निघते. सुट्टीला जाताना प्रत्येक जण मूठभर बी मागून घेतो, भट्टीवर जाणाराही.