आपल्या ताटाचा हिशेब

गणिताच्या तासाला आपण पुष्कळ हिशेब करतो. आज आपण जे खातो त्याचाच हिशेब मांडू या.

भाकरी, पोळी, भात, बटाटा यांत पिष्टमय पदार्थ असतात. त्यांपासून काम करायला, खेळायला शक्ती मिळते. १ ग्रॅम पिष्टातून ४ उष्मांक मिळतात. साखरेतूनही तेवढेच मिळतात. भाकरीचा घास बराच वेळ चावून पाहा. तो गोड लागू लागतो, कारण लाळेमुळे पिष्टाची साखर होऊ लागते.

मग भाकरी खाल्ली काय अन् साखर खाल्ली काय, सारखेच ना? मुळीच नाही! भाकरीत चोथा असतो. चोथा पचत नाही, पण पोट साफ ठेवतो आणि लवकर भूक लागू देत नाही. साखरेत चोथा नाही. शिवाय ती दात किडवते.

५० ग्रॅम धान्यात सुमारे किती?

ज्वारी : पिष्ट ३४ ग्रॅम, चोथा ५ ग्रॅम
बाजरी : पिष्ट ३१ ग्रॅम, चोथा ६ ग्रॅम
गव्हाचे न चाळलेले पीठ : पिष्ट ३२ ग्रॅम, चोथा ६ ग्रॅम
पांढरा तांदूळ : पिष्ट ३९ ग्रॅम, चोथा दीड ग्रॅम

पिष्टात फार फरक नाही. चोथ्यात मात्र केवढा!

चोथा किती हवा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे : ६ ते ९ वर्षांच्या मुलांना रोज किमान २१ ग्रॅम, १० वर्षांपुढे किमान २५ ग्रॅम. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या ३ भाकऱ्या (१५), वाटीभर मटकीची उसळ (४) आणि एक पेरू (८) मिळून झाले २७. म्हणजे आपल्या घरच्या जेवणातच भागले.

साखर किती चालेल? रोज २,००० उष्मांक लागत असतील तर वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी. २५ ग्रॅमच्या आत असली तर अधिक चांगले. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम धरा. आता मोजा :

सकाळचा चहा : २ चमचे
संध्याकाळचा चहा : २ चमचे
जत्रेतली थंड पेयाची लहान बाटली (२५० मि.लि.) : ५ चमचे

एकूण ९ चमचे, म्हणजे ४५ ग्रॅम! बिस्किटे तर अजून मोजलीच नाहीत. गूळ, मध आणि फळांचा गाळलेला रस यांतली साखरही यातच धरावी. अख्ख्या फळातली धरू नये, कारण तिच्याबरोबर चोथा येतो.

काही मुले सकाळी चहा-बिस्किटांवरच शाळेत येतात. त्यात साखर आहे, चोथा नाहीच म्हटले तरी चालेल. मग दुसऱ्या तासालाच पोटात कावळे ओरडतात. त्यापेक्षा रात्रीची भाकरी दुधात कुस्करून किंवा चटणीशी खाऊन या.

करून पाहा : तीन दिवस वहीत दोन रकाने आखा, ‘साखरेचे चमचे’ आणि ‘चोथ्याचे ग्रॅम’. रोज बेरीज करा आणि घरी आईवडिलांना वाचून दाखवा.

लक्षात ठेवा : चोथा वाढवा, साखर घटवा!