लघवीची नळी आणि आयसीयूतील जंतुसंसर्ग

प्रश्न : आयसीयूतील रुग्णाच्या लघवीत जंतू सापडले, तर अँटिबायोटिक द्यावेच लागते का?

उत्तर : मूत्राशयात नळी असली की दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात; महिनाभरात ते जवळपास प्रत्येकात आढळतात. नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर साचतो आणि औषध त्यात नीट पोचत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे नेहमीचे जंतू; कँडिडा ही बुरशीही आयसीयूत वारंवार सापडते. मात्र जंतू सापडणे म्हणजे संसर्ग नव्हे. ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणे अशी लक्षणे नसतील, तर गर्भवती किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण वगळता सहसा उपचार लागत नाहीत. उगाच दिलेले अँटिबायोटिक जंतूंनाच बळकट करते. बेशुद्ध रुग्ण दुखणे सांगू शकत नाही, ही खरी अडचण. तेथे तापाची इतर कारणे आधी तपासावी लागतात. तपासणीचा नमुना नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीतून कधीच घेऊ नये. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता असावी, नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. सर्वांत परिणामकारक उपाय साधाच : गरज संपताच नळी काढणे.