क्रियाशीलतेचें मोजमाप

तागडींत घातलेल्या वस्तूचें वजन वाण्याच्या दुकानांतही समजतें. परंतु शास्त्रज्ञांस पुष्कळदां असें कांहीं मोजावें लागतें कीं, ज्याविषयीं वजन मुळींच बोलत नाहीं. पदार्थाची क्रियाशीलता ही त्यांतलीच एक गोष्ट होय. तिच्या मोजमापाची थोडी हकीकत आम्ही येथें देत आहों.

इ. स. १८९६ मध्यें आंरी बेकरेल यांस युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघतात असें आढळलें. छायाचित्राची कांच त्यांनीं काळी पडे. पण काळेपणावरून नेमका आकडा कसा काढावा? पॅरिस येथें मादाम क्यूरी यांनीं निराळा मार्ग धरिला. या किरणांनीं हवा विद्युद्वाहक होते. तेव्हां त्या हवेंतून वाहणारा अत्यल्प प्रवाहच त्या मोजूं लागल्या. पिचब्लेंड व चाल्कोलाइट हीं खनिजें युरेनियमपेक्षांही अधिक क्रियाशील भरलीं. येथें उतावळा मनुष्य यंत्रास दोष देता. बाईंनीं मात्र प्रयोगशाळेंत शुद्ध द्रव्यांपासून कृत्रिम चाल्कोलाइट बनविलें व तेंही मोजलें. त्यांत तो अधिकपणा नव्हता! म्हणजे खाणींतल्या दगडांत एखादें अज्ञात मूलद्रव्य दडलेलें असलेंच पाहिजे. इ. स. १८९८ मध्यें या पतिपत्नींनीं पोलोनियम व रेडियम यांचा शोध जाहीर केला. रेडियमचा चिमूटभर शुद्ध क्षार हातीं येण्यास मात्र १९०२ साल उजाडलें.

पुढें १९१० सालीं एक ग्रॅम रेडियमच्या आधारें 'क्यूरी' हें माप ठरलें. त्यांत दर सेकंदास ३,७०० कोटि अणु फुटतात. १९७५ पासून 'बेकरेल' हें माप आहे. तें सेकंदास एकाच अणूचें, म्हणजे फारच लहान. प्रौढ मनुष्याच्या देहांतील पोटॅशियममुळेंच दर सेकंदास कांहीं हजार अणु फुटत असतात.

एंझाइमांची, म्हणजे विकरांची, गोष्ट याहून नाजूक आहे. भाताच्या निवळ पेजेंत आयोडिनचा थेंब टाकिला तर ती निळी होते. दुसऱ्या वाटींतील कोमट पेजेंत थोडी लाळ मिसळावी, आणि दर मिनिटास तिचा एक थेंब काढून आयोडिननें तपासावा. निळेपणा हळूहळू नाहींसा होतो. त्यास लागलेला वेळ हेंच लाळेच्या क्रियाशीलतेचें माप. हाच प्रयोग लाळ आधीं उकळून केल्यास पेज निळीच राहते. रेडियम तापविलें काय कीं थंड केलें काय, त्याची गति बदलत नाहीं; विकराची बदलते. म्हणून विकराच्या आकड्याबरोबर उष्णमान व आम्लता हीं सांगावींच लागतात. ठरीव परिस्थितींत दर मिनिटास एक मायक्रोमोल द्रव्याचें रूपांतर करणारें विकर तें एक 'युनिट'. १९९९ सालीं 'कटाल' या नव्या मापास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांत सेकंदास एक मोल धरितात. इस्पितळांत मात्र युनिटाचाच प्रघात अधिक.

स्वादुपिंडास सूज आली असतां लाळेंत असतें त्याच जातीचें विकर रक्तांत वाढतें, व डॉक्टर तें मोजवून घेतात. दोन प्रयोगशाळांच्या पद्धति निराळ्या असल्या तर त्याच रक्ताचे आकडेही निराळे येऊं शकतात. यास्तव पालकांनीं अहवाल हातीं घेतल्यावर आकड्याशेजारीं छापलेल्या त्याच प्रयोगशाळेच्या मर्यादा पाहाव्या, आणि मागील अहवालाशीं ताडून पाहण्यापूर्वीं दोहोंची पद्धति एकच आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांस विचारावें.