मुकादमावाचून काम

टाळकऱ्यांची पावले एकदम पडतात ती मृदंगाच्या ठेक्यावर. एकेकाचा पाय उचलून ठेवणारा तेथे कोणी नसतो. मग शेतातल्या नि कारखान्यातल्या कामाला पावलोपावली मुकादम का लागावा? हा विचार आपण वऱ्हाडातल्याच एका दाखल्यावरून करू.

अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका संत्र्याचा. बागांसाठी बोअर खोल खोल गेले नि जमिनीतले पाणी आटत चालले. २०१६ साली पानी फाउंडेशनने जलसंधारणाची 'वॉटर कप' स्पर्धा सुरू केली, तेव्हा कोरेगाव व अंबाजोगाई यांच्यासोबत पहिल्या तीन तालुक्यांत वरूड होता. पुढे अकोल्याकडची बार्शीटाकळी, पातूर तालुक्यांतली गावेही त्यात आली. २०१९ पर्यंत चार उन्हाळे ही स्पर्धा झाली. गावची काही माणसे शिकून येत. श्रमदानाची माणसे जुळवायची ती मात्र गावाने.

आता ते काम कसे, पाहा. उतारावरचा चर समपातळीत पाहिजे. नाही तर पाणी एका टोकाला धावते नि काठ फोडते. पातळी काढायचे साधन अगदी साधे. दोन सारख्या काठ्या, त्यांना बांधलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक गडी इकडे, दुसरा तिकडे. दोन्हीकडचे पाणी एका खुणेवर आले की तिसऱ्याने फक्की टाकायची. एकट्याचे हे काम नव्हे. आणि निवाडा पाटलाचा नाही, मुकादमाचा नाही, पाण्याचा. त्याच्याशी वाद कोण घालील?

पण कोणी म्हणेल, "म्या खंदलं, अन् पानी खालच्याच्या विहिरीत! काहून खंदू मी?"

शंका खरी आहे. काम माथ्याकडून पायथ्याकडेच करावे लागते. वरचे पाणी अडवले नाही, तर खालचा बांध वाहून जातो. म्हणजे जमीन द्यायची वरच्याने, नि ओल मिळायची खालच्याला. हे हुकमाने होत नाही. खालच्याने आपले कुदळ-फावडे आधी वरच्याच्या उतारावर न्यावे, तेव्हा होते. इर्जिकीची रीत आपल्याला नवी का आहे? आज सारे औत घेऊन एकाच्या शेतात जायचे, उद्या त्याने दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे.

मुकादम नको म्हणजे शिस्त नको, असे मात्र समजू नये. अडचण सर्वांपुढे मांडावी. ज्याला जे जमते ते त्याने आपण होऊन उचलावे. रोजचे काम सर्वांदेखत मोजावे. चुकले तर संध्याकाळी बसून बोलावे, पाठीमागे नव्हे. मोजणे टाळले की आळशी लपतो, आणि 'हे मी केले' असे एकाने म्हटले की दुसऱ्या दिवशी चार हात कमी होतात.

नळीतले पाणी दोन्ही टोकांना सारखे उभे राहते. माणसांनी तसे राहावे, म्हणजे मुकादमाचे काम उरत नाही.