डेन्मार्कमधील सेंद्रिय अन्नाचा बाजार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझी आई गावठी भाजी घेते ती नेहमी एकाच बाईकडून. ती बाई एखाद्या शुक्रवारी बसलेली नसली, तर आई रिकामी पिशवी घेऊन परत येते. 'गावठी' या एका शब्दासाठी ती चार पैसे अधिक मोजते. आणि तो शब्द खरा की खोटा हे ठरविण्यास त्या बाईच्या ओळखीखेरीज तिच्याजवळ दुसरे साधन नाही. तांबड्या भाजीची जुडी शेणखतावर पोसली की रासायनिक खतावर, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही खात्रीने कळत नाही.

परंतु जेथे शेतकरी आणि गिऱ्हाईक एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, तेथे हा विश्वास कोठून आणावा? सेंद्रिय अन्नाच्या बाजाराचा सारा प्रश्न येथेच आहे, असे मला वाटते. आणि डेन्मार्क या चिमुकल्या राष्ट्राने तो कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

या देशाला शेतीमालाच्या शुद्धतेचे वळण जुनेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी धान्य स्वस्त झाले, तेव्हा तेथील शेतकरी धान्य सोडून लोण्याकडे वळला, आणि 1882 साली पश्चिम जटलंडमधील हेडिंग या गावी पहिले सहकारी दुग्धालय उभे राहिले. अनेकांचे दूध एकत्र ओतावयाचे म्हटले की एकाची लबाडी सर्वांना बाधते. म्हणून तपासणी ही त्यांना अपमानाची गोष्ट वाटली नाही.

पुढे शंभर वर्षांनी चिंता निर्माण झाली ती पाण्याची. डेन्मार्कचे पिण्याचे पाणी जवळजवळ सर्वच भूगर्भातून येते, आणि फारशी प्रक्रिया न करता ते घराघरांत पोहोचते. शेतात फवारलेले औषध झिरपत झिरपत आपल्याच पेल्यात येणार, ही जाणीव शहरवासीयांनाही झाली. 1970 नंतरच्या दशकात काही तरुण मंडळींनी रसायनांवाचून शेती आरंभिली होती. 1981 साली त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. 1987 साली संसदेने सेंद्रिय शेतीचा कायदा केला. असा देशव्यापी कायदा करणाऱ्या अगदी पहिल्या राष्ट्रांत डेन्मार्कची गणना होते.

त्या कायद्यातील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट ही, की शेतकऱ्याला संक्रमणाच्या काळात सरकारी साहाय्य मिळू लागले. रासायनिक खते बंद केल्यावर जमीन 'सेंद्रिय' ठरण्यास साधारण दोन वर्षे लागतात. त्या काळात उत्पन्न घटते, पण मालाला वाढीव भाव मात्र मिळत नाही. गरीब शेतकरी मोडतो तो नेमका येथेच. पाठोपाठ दोन-तीन वर्षांत एक तांबडी खूण आली : तिरकी रेघ मारलेले डॅनिश 'ओ' अक्षर, वर मुकुट, आणि माल शासनाने तपासलेला असल्याचे शब्द. ते अक्षर म्हणजे 'सेंद्रिय' या अर्थाच्या डॅनिश शब्दाचे आद्याक्षर. तपासणी सरकारी अधिकारी करतात, आणि तिचे शुल्क शेतकऱ्याकडून घेत नाहीत. इतरत्र बहुधा खाजगी संस्था पैसे घेऊन प्रमाणपत्रे देतात. हा भेद क्षुल्लक नव्हे.

तरीही खूण आली म्हणून गिऱ्हाईक आले नाही. 1993 साली 'सुपरब्रुगसेन' या सहकारी भांडारांनी सेंद्रिय दुधाचे व इतर मालाचे भाव उतरविले, आणि मागणी अशी उसळली की माल पुरेना. अनेक गवळी मग सेंद्रिय दुधाकडे वळले. इतके, की शतक संपता संपता दूधच अतिरिक्त झाले, त्यातील पुष्कळसे साध्या दुधाच्या भावाने विकावे लागले, आणि काहींनी पुन्हा जुनी वाट धरली.

या हेलकाव्यांना स्थैर्य देण्यास उपयोगी पडली ती सार्वजनिक स्वयंपाकघरे. कोपनहेगन नगरपालिकेने पाळणाघरे, शाळा, वृद्धांची निवासस्थाने यांतील अन्न 90 टक्के सेंद्रिय करण्याचे ठरविले. 2015 च्या सुमारास ते 88 टक्क्यांपर्यंत गेले. गंमत अशी की, अन्नाचा नित्याचा खर्च वाढवावयाचा नाही, ही अट होती! मग महाग माल परवडला कसा? 2007 साली स्थापन झालेल्या एका संस्थेने स्वयंपाक्यांनाच नव्याने शिकविले. मांस कमी, कडधान्ये व कंदमुळे अधिक, भाजी ऋतूप्रमाणे, तयार पदार्थांऐवजी घरच्यासारखा रांधलेला स्वयंपाक, आणि उरलेले अन्न फेकणे बंद. आपल्या आज्यांना यात नवीन ते काय, असे वाटले असते.

2020 च्या सुमारास डॅनिश दुकानांतील अन्नखरेदीचा जवळजवळ आठवा हिस्सा सेंद्रिय मालाचा होता. जगात याहून अधिक प्रमाण कोठेच नव्हते. मात्र 2022 साली युक्रेनच्या युद्धानंतर महागाई भडकली आणि ही विक्री घटली. तांबड्या खुणेवरचा लोकांचा विश्वास उडाला होता असे नव्हे. घरखर्चाचा मेळ बसत नव्हता, म्हणून त्यांचा हात शेजारच्या स्वस्त बाटलीकडे गेला. त्या वर्षी शेतकऱ्याच्या गाई मात्र पूर्वीइतकेच दूध देत होत्या.