खिडकीपलीकडच्या माणसाशी बोल

अगं, तू आता प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट म्हणून रुजू होणार, म्हणून चार गोष्टी सांगते. लोक म्हणतील, "सोपी नोकरी आहे, गोळ्या द्यायच्या, रजिस्टर भरायचं आणि संध्याकाळी कंग्राळीला घरी परत." तेवढ्यावर राहू नकोस. डॉक्टर, नर्स, आशाताई यांच्याइतकीच रुग्णाची जबाबदारी तुझीही आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये औषध देताना रुग्णाला नीट समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलंय.

आपल्या बेळगाव भागात तर त्याची जास्तच गरज. घरात मराठी, फलकावर कन्नड आणि चिठ्ठी इंग्रजीत. म्हातारी माणसं गोळी रंगावरून ओळखतात, पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. कंपनी बदलली की रंग बदलतो आणि सगळा घोळ होतो. तुला कन्नडही येतं, मराठीही येतं. डॉक्टरांनी सांगितलेलं आजीपर्यंत तिच्या भाषेत पोचव. सांगून झालं की विचार, "आजी, सांगा बघू, ही गोळी कधी घेणार?" तिनं बरोबर सांगितलं तरच तिला समजलं असं धर.

आशाताईंना सांगून ठेव, बीपी-शुगरच्या माणसांनी येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची. सरकारी, बेळगावातल्या दवाखान्यातली, मेडिकलमधून आणलेली, झाडपाल्याचीसुद्धा. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच अ‍ॅम्लोडिपिन निघू शकतं. दोन्ही घेतली तर पाय सुजतात, चक्कर येते. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक चालू असेल तर बीपी चढतं, मूत्रपिंडालाही धोका असतो. ग्लिमेपिराइड घेऊन न जेवता शेतावर गेलेल्या माणसाची साखर एकदम उतरू शकते. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे मेडिकलमध्ये परस्पर जाणाऱ्यांनाही सांग.

काही चुकतंय असं दिसलं तर रुग्णासमोर डॉक्टरांना टोकू नकोस. गर्दी ओसरली की जा, पण रुग्णाला धोका असेल तर लगेच जा. रुग्ण कोण, औषध कुठलं, अडचण काय आणि तुला काय सुचतं, एवढं थोडक्यात सांग. निर्णय त्यांचा. दोन-चार वेळा तुझं म्हणणं उपयोगी पडलं की तेच विचारायला लागतील. नर्सबाईंना आणि आशाताईंनाही शिकव. घरोघरी त्या जातात, कुणी गोळ्या मधेच सोडल्या हे आधी त्यांनाच कळतं.

इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेतून डॉक्टरांच्या दवाखान्यांत फार्मासिस्ट नेमले गेले, ते रुग्णांच्या औषधांवर असं लक्ष ठेवायलाच. आपल्याकडे फार्मसीचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तो बेळगावातही शिकवतात. शिकलेली माणसं आपल्याकडेही आहेत. त्यांना खिडकीमागं नुसतं मोजायला बसवलं तर त्या शिक्षणाचा गावाला काय उपयोग?

गोळी वेळेवर आणि योग्य तऱ्हेनं पोटात गेली तरच औषध लागू पडतं. ते बघायची जबाबदारी तुझी. रजिस्टर नीट भर, पण आधी माणसाशी बोल.

तुझी अक्का