अक्षर नीट उमटावे म्हणून

या स्मरणिकेची जुळवाजुळव चालू असताना घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतो, कारण हा पाठ तिच्यातूनच निघाला आहे.

माजी विद्यार्थ्यांनी आपापली माहिती भ्रमणध्वनीवरून पाठविली होती. ती सर्व आम्ही एका फाइलीत एकत्र केली. नावामागे ‘डॉ.’ लागते अशांची, म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेल्या आणि विद्यावाचस्पती झालेल्या मुलामुलींची, स्वतंत्र यादी एका पानावर द्यावी असे ठरले. फाइल मोठी, म्हणून शोधाच्या चौकटीत ‘डॉ.’ टंकित केले. संगणकाने क्षणात नावे काढून दिली. पान जुळले, मुद्रिते तयार झाली. त्या रविवारी एक पालक देणगी देण्यासाठी शाळेत आले. त्यांची मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात होती. घराण्यातली पहिली डॉक्टर ती. टेबलावरचे मुद्रित त्यांनी हातात घेतले, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचले, आणि हळूच म्हणाले, “सर, आमच्या चेडवाचा नाव ह्यात दिसणा नाय.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शब्द आम्हाला अधिक लागले.

मूळ फाइल उघडली. मुलीचे नाव तेथे होते, नावामागे ‘डॉक्टर’ दाखविणारे अक्षरही होते. आमच्या डोळ्यांना ते हुबेहूब ‘डॉ.’च दिसत होते. संगणकाला मात्र ते वेगळे अक्षर होते. तशी आणखी काही नावे सुटली होती. ज्या समाजाची नावे शतकानुशतके कोणत्याही बऱ्या यादीत लिहिली गेली नाहीत, त्याच्या शाळेने स्वतःच्या यादीत नाव गाळावे, आणि तेही एका चंद्रकोरीपायी, ही गोष्ट आम्ही मनाला लावून घेतली. दोष कोठे आहे याचा अभ्यास केला. तो येथे पाठाच्या रूपाने मांडीत आहोत.

दिसणे एक, असणे दुसरे

मनुष्य अक्षर आकाराने ओळखतो. संगणक ते क्रमांकाने ओळखतो. प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि चिन्हाला एक ठरावीक क्रमांक आहे. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरीला तिच्यात आरंभापासून १२८ घरांची स्वतंत्र वसाहत मिळाली. त्याच १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक (आयएस १३१९४) स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने मराठी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले.

आता ‘डॉ.’ पाहू. शुद्ध ‘डॉ’मध्ये दोनच घटक आहेत: ‘ड’ आणि ‘ॉ’ ही एकसंध मात्रा. परंतु पुष्कळ जण ‘ड’ला आधी काना देतात आणि मग वर चंद्र ठेवतात. त्यातून ‘डाॅ’ तयार होते. त्यात घटक तीन. कागदावर छापल्यास फरक दिसत नाही. पण शोधताना पहिले सापडले की दुसरे सुटते. हीच गत ‘आ’ची. ‘आ’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो न वापरता ‘अ’ला काना जोडला की ‘अा’ होते. आपल्या समाजात सर्वाधिक वेळा लिहिले जाणारे नाव ‘डॉ. आंबेडकर’ हे आहे. त्यातील ‘डॉ’ दोन प्रकारे व ‘आं’ दोन प्रकारे लिहिले गेले, तर एकाच नावाची चार रूपे होतात, आणि एक शोधणाऱ्याला उरलेली तीन सापडत नाहीत. ग्रंथालयाची सूची असो, शाळा सोडल्याचा दाखला असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जेथे यंत्र एक नाव दुसऱ्याशी ताडून पाहते तेथे हा घोटाळा संभवतो.

ही सवय आली कोठून? आमच्या पिढीने टंकलेखन यंत्रावर हात बसविला. त्या यंत्रावर कळा मोजक्या असल्यामुळे अक्षर तुकड्यांनी जुळवावे लागे: ‘अ’ उमटवावा, मग काना ओढावा, की झाला ‘आ’. कागदावर आकार नीट आला म्हणजे काम संपले. त्या काळी ही रीत योग्यच होती. यंत्र बदलले, बोटांची सवय बदलली नाही, एवढेच.

कळा कोठे आहेत

संगणकावर मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकावा असे आमचे मत आहे. इस्की मानकातच तो दिला आहे. त्याची रचना उच्चारानुसार आहे: स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. भारतातील निरनिराळ्या लिप्यांना तो जवळपास तसाच लागू पडतो. मराठीसाठी शिकलेली बोटे कानडीसाठीही उपयोगी येतात. इंग्रजी कळांच्या नावांनी सांगायचे तर पुढील जागा पाठ कराव्यात.

‘ॉ’ ही मात्रा उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ‘ऑ’ मिळतो. ‘ळ’साठी शिफ्ट धरून ‘एन’. ‘ण’साठी शिफ्ट धरून ‘सी’. ‘ङ’साठी शिफ्ट धरून ‘यू’. ‘ञ’साठी शिफ्ट धरून उजवा चौकोनी कंस. पाय मोडण्याचे चिन्ह ‘डी’वर आहे.

‘ॲ’ हे अक्षर मराठीला नित्य लागते: ‘ॲड.’, ‘ॲप’, ‘ॲसिड’. युनिकोडमध्ये ते २००८ साली दाखल झाले. त्यापूर्वी लोक नाइलाजाने ‘अ’वर चंद्र ठेवीत. आता स्वतंत्र अक्षर असताना तेच वापरावे.

आता ‘ऱ’. हे अक्षर नसते तर मराठीची पंचाईत झाली असती. आम्ही वर्गात फळ्यावर दोन शब्द लिहितो: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला वेंगुर्ले-मालवणचा समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. बांद्याहून पश्चिमेला गेलात तर पहिला भेटतो, पूर्वेला गेलात तर दुसऱ्या. तसेच ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. आपल्या निवासी शाळेत दोघांचीही गरज आहे, पण निरोप ज्याचा त्याला पोहोचला पाहिजे! ‘ऱ्या’ उमटविण्यासाठी शिफ्ट धरून ‘जे’ दाबावे म्हणजे ‘ऱ’ येतो. मग ‘डी’ने पाय मोडावा आणि पुढे ‘य’ व काना द्यावा. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाडे’ अशी आडनावे असलेल्यांनी हे अवश्य शिकावे. साधा ‘र’, पायमोड आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशा दुसऱ्या मार्गानेही हाच आकार येतो. पण आतले क्रमांक निराळे असल्यामुळे शोधात पुन्हा तीच फसगत होते. एका संस्थेत सर्वांनी एकच मार्ग ठेवावा.

भ्रमणध्वनीवर कळा थोड्या असतात, म्हणून चिन्हे कळांच्या मागे दडविलेली असतात. हवे असलेले चिन्ह समोर नसेल तर त्याच्या जवळची कळ दाबून धरावी. तिची भावंडे वर उमटतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी वर येणाऱ्या पर्यायांतून शब्द निवडताना घाई करू नये. ‘दर्या’ हवा असताना ‘दऱ्या’ निवडला जाण्यास क्षणही लागत नाही. आणखी एक सोय आहे: भ्रमणध्वनीच्या व्यक्तिगत शब्दकोशात आपले नाव, गावाचे नाव आणि नेहमीचे अवघड शब्द एकदाच नीट लिहून ठेवावेत आणि त्यांना आखूड खूण द्यावी. खूण टंकली की पूर्ण शब्द सुचविला जातो.

पालीचे ऋण

वंदनेच्या पुस्तिका आता गावोगावी संगणकावरच जुळविल्या जातात. पाली शब्दांत ‘ञ’ आणि ‘ङ’ यांना मानाचे स्थान आहे. कळ सापडत नाही म्हणून ‘पञ्ञा’चे ‘पन्ना’ होते, आणि मुले तसेच पाठ करतात. ‘ञ’ ही तालूची ध्वनी आहे. ती गेली की शब्दाचा चेहराच जातो. उलट, ‘ळ’ हे अक्षर पालीत आहे हे अनेकांना ठाऊक नसते. ‘सोळस’ म्हणजे सोळा. ‘दळ्ह’ म्हणजे दृढ. ‘आसाळ्ह’ म्हणजे आषाढ. या अक्षराच्या बाबतीत आपली मायबोली आणि पाली शेजारी बसतात. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण व शब्दकोश तयार करण्यासाठी परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६व्या खंडात तो १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्या भाषेसाठी त्यांनी एवढा वेळ दिला, तिच्या एका अक्षरासाठी शिफ्टची कळ शोधण्याचा आळस आपण करू नये.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याआधी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता, म्हणूनच तो वाचता आला. ती ब्राह्मी लिपी २०१० साली युनिकोडमध्ये आली. योग्य फॉन्ट बसविला तर अशोकाची अक्षरे आज आपल्या पोराच्या खिशातल्या भ्रमणध्वनीवर उमटू शकतात.

रुपया आणि धम्मचक्र

रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्र शासनाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याची रचना डी. उदयकुमार यांची. विंडोजमध्ये ‘इंग्रजी (भारत)’ हा कळफलक निवडून उजवी अल्ट कळ धरून ४ दाबले की ते उमटते. देणगीदारांच्या यादीत ‘रु.’ आणि ₹ यांपैकी एकच पद्धत ठेवावी.

धम्मचक्रासाठी चित्र चिकटविण्याची गरज नाही. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २६३८ आहे. वर्ड या कार्यक्रमात हा क्रमांक इंग्रजी अंकांत लिहावा, लगेच अल्ट धरून ‘एक्स’ दाबावे. अंक जाऊन ☸ येते. भ्रमणध्वनीवर ते इमोजींच्या चिन्हविभागात मिळते. या चक्राला आठ आरे आहेत, अष्टांगिक मार्गाचे. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला चोवीस. एकाच्या जागी दुसरे छापू नये. याच युक्तीने ०९३१ लिहून ‘ऱ’, ०९३३ लिहून ‘ळ’ आणि ०९७२ लिहून ‘ॲ’ मिळविता येतो. क्रमांकापूर्वी एक जागा मोकळी सोडावी, म्हणजे मागचे अक्षर त्यात गुंतत नाही.

रोग ओळखावा, मग औषध

अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर लिहिणाऱ्याचा दोष नाही. वाचणाऱ्याच्या यंत्रात त्या चिन्हाचा आकार असलेला फॉन्ट नाही. मात्रेजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर मात्रा चुकीच्या अक्षराला किंवा चुकीच्या क्रमाने जोडली गेली आहे. ती पुसून नव्याने लिहावी. आणि सबंध मजकूर अर्थहीन इंग्रजी अक्षरांनी भरलेला दिसला तर तो युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टातला आहे. त्या फॉन्टांत क्रमांक इंग्रजी अक्षरांचे आणि आकार देवनागरीचे असत. असा मजकूर रूपांतर करून वाचविता येतो. मात्र रूपांतरानंतर ओळ न ओळ ताडून पाहावी लागते. ज्यांच्या घरी मंडळाच्या, विहाराच्या जुन्या अहवालांच्या तबकड्या आहेत, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत.

‘डॉ’ शुद्ध आहे की नाही हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. त्याच्यापुढे जाऊन पुसण्याची कळ एकदाच दाबावी. ‘ड’ उरला तर अक्षर शुद्ध. ‘डा’ उरला तर अशुद्ध. ‘आ’ एका दाबात संपूर्ण गेला तर ठीक. ‘अ’ मागे राहिला तर तो जोडलेला होता. सबंध फाइल सुधारण्यासाठी ‘शोधा व बदला’ ही सोय वापरावी: ‘ाॅ’च्या जागी ‘ॉ’, ‘अा’च्या जागी ‘आ’, ‘अॅ’च्या जागी ‘ॲ’. आम्ही तेच केले, आणि मग पुन्हा एकदा ‘डॉ.’ शोधले. या वेळी त्या मुलीचे नाव आले.

स्वाध्याय

१. आपले पूर्ण नाव व गाव टंकित करून पुसण्याच्या कळीने प्रत्येक अक्षराची परीक्षा घ्या.
२. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द वापरून आपल्या परिसरावर दोन वाक्ये लिहा.
३. ‘पञ्ञा’, ‘सङ्घ’, ‘दळ्ह’ हे शब्द संगणकावर व भ्रमणध्वनीवर उमटवून दाखवा.
४. घरातील वडीलधाऱ्यांचे नाव शिधापत्रिकेवर, दाखल्यावर व बँकेच्या पुस्तकावर एकसारखे आहे का, ते पाहा.

चौथा प्रश्न मुलांसाठी नाही, आपल्या सर्वांसाठी आहे. त्या पालकांना सुधारलेले पान आम्ही पुढच्या रविवारी दाखविले. त्यांनी नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ ते तेथून उचलले नाही. ते पान या स्मरणिकेत आहे. ज्यांची नावे अजूनही सुटली असतील त्यांनी शाळेत येऊन नि:संकोच सांगावे; पुढील यादीत ती असतील.